मुकं इंजिन

गंगाराम निवृत्त झाला तेव्हा रुक्मिणीला वाटलं, रेल्वेचा विषय एकदाचा मिटला. सगळी उमर डिझेल इंजिन हाकण्यात घालवलेला माणूस आरोंद्याला घरी आला होता, आणि आरोंद्यातून ना रूळ दिसत ना शिटी ऐकू येत. पण चार महिन्यांत त्याने पडवीतलं लांब टेबल, ज्यावर ती कोकमं पसरायची, ते बळकावलं आणि त्यावर बोटभर रुंदीचे रूळ मांडले. इवलेसे डबे आले, स्टेशन आलं. इंजिन तेवढं राहिलं.

"डिझेलच होया," तो म्हणाला. "विजेचा इंजिन म्हणजे मिक्सर. आणि आवाज खरो होयो."

तसं मिळतं म्हणे. इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी असते, साऊंड डिकोडर. तिच्यात खऱ्या इंजिनाची धडधड, भोंगा, ब्रेकचं किंचाळणं, सगळं भरलेलं असतं. वेंगुर्ल्यात सर्वेश नावाचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरच्या काजू कारखान्याच्या माडीवर अशी इंजिनं विकत होता. त्याचे वडील खाली काजूवर नजर ठेवून बसत आणि वर काय चालतं असं कुणी विचारलं की "माका म्हायत नाय" म्हणून मोकळे होत.

रुक्मिणी मुद्दाम सोबत गेली. इंजिनावर बसून बसून गंगारामाचे कान गेले होते, पण त्याच्या मते हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलत. घरात तिने "गॅस संपलो" म्हटलं की तो "बरा झाला" म्हणायचा. लग्नाकार्यात, बँकेत तीच सांभाळून घ्यायची.

सर्वेशने तीन इंजिनं मांडली आणि पहिलं रुळांवर सोडलं. गंगारामाने डोळे मिटले, मान कलती केली.

"आयकलंस गो?" तो म्हणाला. "हीच धडधड. चढाक लागला काय अशीच छाती हलायची." त्याचे डोळे चक्क पाणावले.

सर्वेश मान खाजवत रुक्मिणीकडे वळला. "काकी," तो हळूच म्हणाला, "आवाज मी अजून चालू करूक नाय."

"काय म्हणता तो?" गंगारामाने विचारलं.

एरवी तिने काहीतरी जुळवून सांगितलं असतं. पण त्या दिवशी तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. ती काजूच्या पोत्यावर बसली, पदराने डोळे पुसले आणि त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "तो म्हणता, इंजिन मुका आसा आणि तुमी भैरे."

खाली काजू सोलणाऱ्या बायांचे हात थांबले.

गंगाराम तडक जिना उतरला. स्कूटर त्याने एकही खड्डा न चुकवता चालवली, जणू ते त्यानेच खणले असावेत. घरी त्याने अबोला धरला. रुक्मिणीला त्याचा फारसा फरक पडला नाही. तिने एवढंच बजावलं, "पयली कानाची मशीन, मगे इंजिन. नायतर रुळांवर कोकमां वाळत घालतलंय."

शेवटी तो कुडाळला गेला. डॉक्टरांनी दोन्ही कानांत मशीन बसवली. दवाखान्याच्या पायरीवर रुक्मिणीने विचारलं, "बरा वाटता?" तो दचकून मागे सरला.

"तू इतक्या मोठ्यान कित्याक वराडतंस?"

"सवय," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग पुन्हा वेंगुर्ले. यावेळी सर्वेशने आधी आवाज चालू केला. पहिलं इंजिन छान घुमलं आणि स्टेशनजवळ येताच घंटा वाजवायला लागलं. रंग आपल्याकडचा असला तरी आवाज अमेरिकेतला भरला होता. तिकडच्या इंजिनांना म्हणे घंटा असते.

"माका आरती करूची नाय," गंगाराम म्हणाला. दुसरं त्याला चूळ भरल्यासारखं वाटलं. तिसरं होतं जुन्या बनावटीचं, तो चालवायचा तसलंच. ते आजारी रेड्यासारखं खोकलं, थरथरलं आणि खडबडत सुरू झालं. गंगारामाचा चेहरा उतरला.

"इतको घाण आवाज होतो?" तो पुटपुटला. "मी ह्याच्यासाठी जीव टाकी होतंय? ह्येनीच माजे कान खाल्ले."

त्याने बंद करायची खूण केली. पण रुक्मिणी पुढे झाली. एवढ्या वर्षांत ती त्याच्या इंजिनात कधी चढली नव्हती. तो घरी येऊन नुसता भिंतीकडे बघत बसायचा, तेव्हा तिला तो घुम्या वाटायचा. त्याच्या डोक्यात हे वाजत असायचं तर.

"परत लाव रे," ती सर्वेशला म्हणाली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ह्याच घेवया."

"आणि आवाज?" गंगारामाने विचारलं.

"आवाज माका होयो. तुमका नको तर कानातली मशीन काढून ठेवा."

ते इंजिन आता पडवीत धावतं. बटणं रुक्मिणीच्या ताब्यात आहेत. जेवण वाढलं की ती भोंगा देते आणि गंगाराम माडांतून येतो. कधीकधी ऐकलंच नाही असं दाखवून तिथेच रेंगाळतो, मग ती दुसऱ्यांदा जरा लांबवून देते.