ड्रायरच्या मागची वीज

शनिवारी मृणालिनीचे वडील, आप्पा, भारतातून येणार होते, आणि तिला एकाच गोष्टीचा घोर लागला होता. मिक्सरचा.

लग्नानंतर ती कॅनडात किचनरला यायला निघाली तेव्हा विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं. आप्पांनी तिच्या बॅगेतून चार साड्या काढून घेतल्या, पण मिक्सरला हात लावू दिला नाही. तो मिक्सर गेली सहा वर्षं बेसमेंटमध्ये खोक्यात पडून होता. तिकडची वीज दोनशेतीस व्होल्टची, इथली एकशेवीसची. गुरुदत्तनं हे तिला पहिल्याच आठवड्यात आकृती काढून समजावलं होतं. नवरा इलेक्ट्रिकल इंजिनीअर. आकृती काढल्याशिवाय त्याला चहासुद्धा मागता यायचा नाही.

आप्पा दर पत्रात विचारायचे, मिक्सर कसा आहे? आणि ही ठोकून द्यायची, रोज चालतो. आता ते येऊन वाटली डाळ मागणार, आणि इथला ब्लेंडर तर भिजवलेली डाळ घातली की धूर सोडायचा. सहा वर्षांचं खोटं उघडं पडणार होतं.

म्हणून गुरुदत्त ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरला निघाला तेव्हा तिनं त्याला तीनदा बजावलं होतं, इथली वीज दुप्पट करून देणारा ट्रान्सफॉर्मर आणा. तो परतला तो बिनवायरचं ड्रिल घेऊन.

"आणि ट्रान्सफॉर्मर?"

"अगं, फार हेवी असतो. वेट लिमिटमध्ये बसेना. हे बघ, कॉर्डलेस! कुठेही न्या, प्लगची कटकट नाही."

"कुठे न्यायचंय?"

तो खोक्यातून चार्जर काढायला लागला. ड्रिलला वायर नसली तरी चार्जरला होती, आणि चार्जर निघाला दोनशेतीसचा. सहा वर्षं बायकोला व्होल्टेज शिकवणाऱ्या या गृहस्थानं स्वतः विकत घेताना खोकं वाचलं नव्हतं. इथल्या प्लगला दिवसभर लावून ठेवलं तरी ड्रिल दोन गिरक्या घेऊन गप्प बसायचं. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, हे मृणालिनीला कळेना.

गुरुवारी ती ओले कपडे घेऊन बेसमेंटमध्ये उतरली. कपडे वाळवायचा ड्रायर भिंतीपासून पुढे ओढलेला होता. त्याचा जाडजूड प्लग काढून तिथे गुरुदत्तनं स्वतः बनवलेली एक पेटी जोडली होती, आणि पेटीवर चार्जरचा लाल दिवा लागला होता.

"ड्रायरला जास्त वीज लागते, म्हणून त्याच्या लाइनला दोनशेचाळीस व्होल्ट येतात," तो खुशीत म्हणाला. "अर्ध्या तासात केलं. फ्यूजसकट."

तिनं कपड्यांची बास्केट खाली ठेवली.

"कधीपासून येतात?"

"म्हणजे?"

"दोनशेचाळीस. कधीपासून येतात?"

"घर घेतल्यापासून. इथे प्रत्येकाच्या घरी..." एवढं बोलून तो थांबला. त्याची नजर फळीवरच्या खोक्याकडे गेली.

"अगं, डोक्यातच आलं नाही."

तिला सगळ्यात जास्त संताप याचाच आला. मुद्दाम केलं असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. मिक्सरसाठी सहा वर्षं जे डोक्यात आलं नाही, ते ड्रिलसाठी चार दिवसांत आलं होतं.

तिनं खोकं काढून त्याच्यासमोर ठेवलं. "याचा प्लग बदलून द्या."

"बॅटरी अजून अर्धीच..."

तिनं खोकं आणखी पुढे सरकवलं. त्यानं चार्जर उपटला.

मिक्सर गरगरला तेव्हा फळीवरचे रंगाचे डबे थरथरले. मृणालिनी झाकणावर हात दाबून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं; रागाचं होतं आणि आनंदाचंही.

शनिवारी आप्पांनी वाटली डाळ दोनदा मागून घेतली. मग म्हणाले, "बघू तरी आपला मिक्सर." तिनं तो बेसमेंटमधून वर आणला. आप्पांनी भांडं खिडकीशी नेऊन आत डोकावून बघितलं, बोटानं पातं चाचपलं.

"सहा वर्षं रोज चालवूनही अगदी नव्यासारखा. फार निगुतीनं वापरलास हो, मृणाल."

मृणालिनीनं गुरुदत्तकडे बघितलं. तो मान खाली घालून चमच्यानं डाळ खात होता. त्याच्या ताटलीतली डाळ केव्हाच संपली होती.