कुंकवाचं बोट

घाटकोपरच्या पंतनगरातल्या बायकांचे रंग जानकी परब ठरवायची. कोणाला मोरपंखी खुलेल, कोणी पिवळ्याच्या वाटेला जाऊ नये, कोणाच्या दंडावर फुग्याची बाही म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, हे ती तोंडावर सांगे. बायका रुसत, पण पुढच्या सणाला ब्लाऊजपीस घेऊन पुन्हा तिच्याच दारात उभ्या राहत. कारण जानकीने शिवलेला ब्लाऊज खांद्यावरून कधी घसरला नाही, की काखेत कधी उसवला नाही.

स्वतःचा रंग मात्र तिने अकरा वर्षांत निवडला नव्हता. नवरा दशरथ काविळीने गेला, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. बाराव्याला सासूने कोरी पांढरी साडी आणून पुढ्यात ठेवली. बिनकाठाची, पातळ वायलची. जानकीने ती नेसली नाही आणि टाकूनही दिली नाही. ट्रंकेच्या तळाशी घातली आणि वर संसार रचला. पांढरं नाही म्हणजे नाही, एवढा एकच हट्ट तिने आयुष्यात केला. मग राखाडी, बदामी, मळखाऊ चॉकलेटी असं नेसत राहिली, आणि सासूनेही पुढे तोंड बंद केलं.

तिच्या कामाची एक रीत होती. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी त्याच्या आतल्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. नवं कापड तसंच अंगावर चढवू नये, असं तिच्या आईने मालवणात शिकवलं होतं. आता विधवेने कुंकवाचा करंडा हाताळायचा नसतो, म्हणून बोट लावायला शेजारची शेवंती यायची. शेवंती सवाशीण, आणि तोंडाची फटकळ. तिला या कामाचा चहा मिळे. जानकीला सुरुवातीला त्यात काहीतरी टोचायचं, मग टोचायचं बंद झालं. सवय फार वाईट गोष्ट आहे, ती कशालाही होते.

शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये समोरच्या इमारतीतली द्रौपदी तिच्याकडे आली. द्रौपदी जालन्याकडची, एका दवाखान्यात आया होती. तीही विधवा, पण एरवी जांभळ्याशिवाय आणि केशरीशिवाय नेसायची नाही, आणि कोणी बोललं तर ऐकूनही घ्यायची नाही. तिच्या मुलाचं, भीमराजचं, लग्न नुकतंच झालं होतं.

"सुनेची पहिली जयंती हाय," ती म्हणाली. "साडी दादरहून आणली, पांढरी, निळ्या काठाची. ब्लाऊज असा पायजे की सगळ्या मिरवणुकीनं बघावं. कापड निवडायला तूच चल. मला त्यातलं कळत न्हाई."

चौदा एप्रिल हा द्रौपदीच्या घरचा दिवाळीपेक्षा मोठा सण. जानकीला ते माहीत होतं. पंतनगरात राहून माहीत नसेल तर ती माणसं आंधळीच म्हणायची.

तिघी स्टेशनजवळच्या कापडाच्या दुकानात गेल्या. सून मीरा मान खाली घालून बसली होती, पण डोळे सगळीकडे फिरत होते. दुकानदाराने पांढऱ्याचे तागे उलगडले: रुबिया, केंब्रिक, पॉपलिन, चिकन. जानकीने प्रत्येक कापड चिमटीत चोळून पाहिलं, उजेडाला धरलं, मुठीत आवळून सोडलं.

"हे खळीवर उभं आहे, एका धुण्यात बसेल," तिने पॉपलिन बाजूला सारलं. "हे घामाला चिकटेल. एप्रिलात मुलगी शिजून निघेल."

शेवटी बुट्टीदार वायल हाती लागलं. पांढऱ्यावर पांढरी बारीक बुट्टी, जवळून पाहिल्याशिवाय दिसायची नाही अशी. मीराचे डोळे तिथेच थांबले, आणि जानकीने ते पाहिलं.

"फुग्याची बाही कर," द्रौपदी म्हणाली. "आन् मागं नाडी, लटकन लावून."

"फुगा नको. दंड बारीक आहेत तिचे, फुग्यात हरवतील. काय गं, तुला काय हवंय?"

"कोपरापर्यंत बाही," मीरा हळू आवाजात म्हणाली. "आन् गळा चौकोनी. आत्याबाई, चालंल ना?"

"चालंल म्हंजे? घालणार कोण, तू का मी?" द्रौपदी म्हणाली. जानकीला सासूची ही जात नवीन होती.

दुकानदार कापड मोजत असताना जानकीचा हात शेजारच्या गठ्ठ्यावर गेला. पोपटी हिरवं, बारीक पोताचं. तिने ते नुसतं चाचपलं आणि हात काढला. पैसे देऊन होईपर्यंत हात पुन्हा एकदा तिथे जाऊन आला. द्रौपदीने ते पाहिलं.

उरलेले दोन आठवडे जानकीच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ब्लाऊज सुरेख होत होता. चौकोनी गळ्याला तिने त्याच कापडाची बारीक गोठ घातली, बाहीच्या टोकाला तीन चुण्या दिल्या. पण मशीनवर तो पांढरा ढीग पडला की तिला बरं वाटेना. लग्नाला तीन महिने झालेली पोर, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरी! त्यांच्यात चालतं, ती मनाशी म्हणायची. चालत असेल. तरी तो ढीग ती दुसऱ्या कापडाने झाकून ठेवायची. स्वतःच्या वाट्याला आलेलं मीराच्या वाट्याला येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. आता चांगल्या इच्छेने माणूस जितकी वाट लावतो, तितकी वाईट इच्छेनेही लावत नाही.

तेरा तारखेला सकाळी ब्लाऊज तयार झाला. जानकीने शेवंतीला हाक मारली.

शेवंतीने ब्लाऊज उलटसुलट पाहिला. "हो द्रौपदीच्या सुनेचो ना? त्यांच्यात कुंकू चालत नाय गो."

"आतून लाव. कमरेच्या पट्टीत, अगदी टिंबाएवढं. कोणाला दिसायचं नाही."

"अगो पण..."

"लाव म्हटलं ना. कोरं पांढरं कसं देऊ?"

शेवंतीने नुकतंच डोक्याला तेल चोपडलं होतं. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि आतून टेकवलं. टिंबाएवढंच टेकवलं, तिचा काही दोष नव्हता. पण वायल ते वायल. तेलातलं कुंकू आरपार गेलं, आणि पुढच्या बाजूला, बरोबर बटणपट्टीखाली, लाल ठिपका उमटला. जानकीने साबण लावला तेव्हा तो गुलाबी झाला. लिंबू चोळलं तेव्हा रुपयाएवढा पसरला.

"आता वाट लागली," शेवंती म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

जानकी तशीच उठून स्टेशनजवळच्या दुकानात गेली. दुकानदार हसला. "बेन, जयंतीच्या आदल्या दिवशी पांढरं? आख्ख्या घाटकोपरमधे पांढरा रुमाल नाय मिळणार." तिने आणखी दोन दुकानं केली. तो खोटं बोलत नव्हता.

घरी येऊन ती पाणी प्यायली. मग ट्रंक ओढून बाहेर काढली.

साडी घडीवर पिवळी पडली होती, बाकी धड होती. अकरा वर्षांत कोणी नेसली नव्हती, तर विरणार कशी? तिने बादलीत नीळ कालवली आणि साडी दोनदा बुडवून काढली. गॅलरीतल्या उन्हात ती अर्ध्या तासात वाळली. मग जमिनीवर पसरून खडूने माप आखलं. कात्री लावताना तिचा हात थरथरला, असं लिहिता आलं असतं. पण हात थरथरणाऱ्या बाईचं कापड सरळ कापलं जात नाही. तिने सपासप कापलं. वायल पातळ म्हणून त्याच साडीचं अस्तर लावलं. बुट्टी नव्हती, तिची भरपाई म्हणून गळ्याच्या कडेने निळ्या दोऱ्याची धावदोऱ्याची ओळ घातली. दिवेलागणीला ब्लाऊज झाला.

न बोलता देऊन टाकता आला असता. कापड काही बोलत नाही. पण जानकीला ते जमेना. नव्या सुनेच्या अंगावर आपल्या नवऱ्याच्या बाराव्याची साडी चढवायची आणि सांगायचंही नाही, हे पाप तिला कुंकवाच्या डागापेक्षा मोठं वाटलं. दोन्ही ब्लाऊज घेऊन ती समोरच्या इमारतीत गेली.

द्रौपदी जमिनीवर बसून निळ्या कागदाच्या पताका चिकटवत होती. मीरा कणीक मळत होती. जानकीने आधी डागाचा ब्लाऊज पुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

द्रौपदीने पताका खाली ठेवली. "तुला ठावं न्हवतं?"

"होतं."

"छप्पन साली माझ्या सासऱ्यानं घरातले देव टोपलीत भरले आन् विहिरीत सोडले. त्या दिसापासून या कपाळाला कुंकू न्हाई. नवरा होता तवाबी नव्हतं. आन् तू माझ्या सुनेला चोरून लावतीस? आमच्या सणाला?"

"चुकलं माझं."

"चुकलं न्हाई. मुद्दाम केलंस."

खरंच होतं ते. जानकीने दुसरा ब्लाऊज पुढे केला आणि तो कशातून कापला तेही सांगितलं.

"नको असेल तर नको म्हण. मी रागावणार नाही. कपाटातला एखादा जुना घालेल ती."

द्रौपदीने ब्लाऊजला हात लावला नाही. कणकेचे हात धुऊन मीरा आली, आणि तिने तो उचलला. उजेडाला धरला, मुठीत आवळून सोडला, जानकीने दुकानात केलं होतं तसंच. निळ्या धावदोऱ्यावरून बोट फिरवलं.

"आत्याबाई, पहिल्यापेक्षा ह्योच चांगला हाय," ती म्हणाली.

द्रौपदी जानकीकडे वळली. "साडीतलं उरलंय किती?"

"साडेतीन वार."

"उद्या सकाळपातूर माझा हुईल?"

"तुला? अगं, ती साडी..."

"साडीला काय कळतंय? तुझ्या सासूनं दुखाची म्हणून दिली, आम्ही सणाची म्हणून घालू. उद्या समद्या पांढऱ्यातच असतात. कोणाचा नवरा हाय, कोणाचा न्हाई, कोण बघतंय?" आणि मग, राग पुरता गेलेला नाही हे कळावं म्हणून, ती म्हणाली, "मला फुग्याची बाही पायजे. आता नको म्हणून दाखव."

जानकी नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक पंतनगरातून निघाली, तेव्हा जानकी गॅलरीत उभी होती. खाली दीड-दोनशे बायका, सगळ्या पांढऱ्या. तिने आपले दोन ब्लाऊज शोधले. मीरा लवकर सापडली नाही, द्रौपदी फुग्यांमुळे सापडली. दंडावर ते फुगे खरंच वाईट दिसत होते, आणि बाई खुशाल नाचत होती. आजूबाजूला नव्या सुना होत्या, म्हाताऱ्या होत्या, विधवा असतीलच. वरून पाहून जानकीला एकीचंही काही सांगता येईना. आपल्याला काय वाटतंय ते तिला ठाऊक होतं. हेवा होता तो, निव्वळ हेवा.

आठवड्याने द्रौपदी आली आणि मशीनवर एक पुडकं टाकून उभी राहिली. आत पोपटी हिरवं कापड होतं.

"दुकानात दोनदा हात गेलता तुझा. तू मला पांढरं दिलंस, मी तुला हिरवं देते. फिटंफाट."

"मी कुठे घालू हे?"

"ते तू बघ. मी शिवणारीण न्हवं," असं म्हणून ती गेली.

कापड चार महिने ट्रंकेत राहिलं. तळाशी नाही, वरच. श्रावण संपत आला, गणपतीच्या ब्लाऊजांची रास मशीनशी जमली. त्या धबडग्यात एका दुपारी जानकीने टेप घेतली आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचं माप घेतलं. छाती, कंबर, खांदा, दंड. अकरा वर्षांपूर्वीच्या मापाने कापलं असतं, तर फुकट गेलं असतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी शेवंती करंडा घेऊन बोटं लावायला बसली. एकेक ब्लाऊज उचलायचा, बोट टेकवायचं, घडी करून बाजूला ठेवायचा. शेवटी हिरवा राहिला.

"हो कोणाचो गो? कापड झकास आसा."

"माझा."

शेवंतीचं बोट करंड्यावरच थांबलं. तिने ब्लाऊजकडे पाहिलं, मग जानकीच्या कपाळाकडे. ती काही वाईट बाई नव्हती. पण बोट पुढे येईना. "तुझो?" ती म्हणाली. "हिरवो? लोक काय म्हणतीत गो? मी कसा लावू?"

"तू नको लावूस," जानकी म्हणाली.

तिने शेवंतीच्या हातातून करंडा घेतला. ब्लाऊज उलटा करून कमरेची पट्टी वर काढली, आणि बोट स्वतःच लावलं.