करुणाची परीक्षा आन नरसिंगची टामी

ऐका रे मुडद्यांनो! मी आता जे सांगून राहिले त्यातला येक शबूद जरी खोटा निघाला, तर माझी जीब झडून चुलीत पडू दे, ह्या दोन्ही डोळ्यांत सराटे भरू दे. पोटच्या येकुलत्या येका लेकाची आन घेऊन सांगते. समदं खरं!

तर आमची करुणा, त्याच लेकाची लेक. नांदेडला दवाखान्यात नर्स हाये. तिला परदेशातल्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळून राहिली व्हती, पर इंग्रजीत बोलायची परीक्षा पास व्हायला पायजे. लॅपटॉपमदी येक गोरी मडम बसती आन म्हनती, अमक्या स्वभावाच्या मानसाबद्दल बोला. मंग अडखळायचं न्हाई, बोलतच राहायचं. आन नियम असा, की खोलीत येकटंच. दुसऱ्या कोनाचा आवाज आला की परीक्षा तितल्या तितं बाद. करुणाची जागा मंग दुसरीला.

सुट्टीत आली की पोरगी गच्चीवर चढून मोठ्यानं सराव करायची. स्वभावाचे इंग्रजी शबूद ध्यानात राहावेत म्हनून तिनं गावातल्या येका येका मानसाला येक येक शबूद लावला. "मुंजाजी इज शाय." "थावरा इज टॉकेटिव्ह." खाली ओट्यावर ही गर्दी! अर्थ इचारायला समदे माझ्याकडं, कारन करुणाला फुरसत न्हाई. आता मला काय घंटा अर्थ ठावं? पर न्हाई कसं म्हनावं? द्यायची ठोकून. मुंजाजीला म्हनलं, शाय मंजी वाघ. बिचारा जन्मात पहिल्यांदा बायकोवर डाफरला. तिनं त्याला जनावराच्या गोठ्यात झोपवलं.

मंग आला नरसिंग टेम्पोवाला. हा गडी टेम्पोत बसला की टेम्पो त्याच्या अंगानं कलतो. सिद्धेश्वरच्या धरनावर त्यानं पिसाळलेला रेडा शिंगाला धरून भिरकावला, तो रेडा पूर्णा नदीच्या पल्याड जाऊन पडला आन तिकडंच नांदला. ह्याच्या वाट्याला शबूद आला "अ‍ॅरोगंट".

"चांगुणाबाई, मंजी काय वो?"

"मंजी दिलदार, बाप्पा. राजावानी."

गड्यानं टेम्पोच्या पाठीवर पिवळ्या रंगात लिहून घेतलं, अ‍ॅरोगंट नरसिंग. ते घेऊन महिनाभर मिरवला.

परीक्षेच्या दिवशी दुपारी करुणा आत बसली. दार लोटून मी उंबऱ्याभाईर राखनीला. मांडीवर ठेच्याचं भगुनं, बाजूला लोखंडी बत्ता. आन नेमकं त्याच टायमाला वारंगा फाट्यावर येका हैदराबादी ट्रक डायवरनं टेम्पोची पाठ वाचली. "क्या मियाँ, खुद को घमंडी लिख के फिरते?" चहाच्या टपरीवर समदे फिदीफिदी हसले.

नरसिंगनं आधी हसनारे बडवले. चहावाल्याच्या कपाळात किटली घातली. क्लीनरचा हात खांद्यातून उखडला. डायवरला त्याच्याच ट्रकच्या बोनटवर आपटलं, काच फुटून त्याच्या पाठीत रुतली. मंग टायर काढायची टामी हातात घेऊन टेम्पो सुसाट पळवला आमच्या घराकडं.

अंगनात उतरला तवाच त्याच्या मुठी रक्तानं लाल. "कुठाय ती पोरगी? भाईर काढ! तिची जीबच..."

पुढं तोंड उघडं व्हतं, म्या मूठभर ठेचा आत कोंबला. पार पडजिभेपर्यंत.

आता हे ध्यानात घ्या, ही हानामारी मुक्यानं झाली. मला वरडता येईना, कारन आत पोरगीचं नशीब. त्याला वरडता येईना, कारन घशात जाळ. पर हात मोकळेच व्हते मेल्याचे! त्यानं टामी घातली, ती बाजेवर बसली. बाजेचा पाय मोडला, आवाज गोधडीत मुरला. दुसरी टामी माझ्या खांद्यावर. हाड कड्कन वाजलं, म्या पदर दातात धरला. उठून त्याच्या नडगीवर बत्ता घातला. तो वाकला, तसं त्याचं मुंडकं धरून पान्याच्या रांजनात दाबलं. बुडबुडे आले, मोठे मोठे. सोडलं आसतं तर वरडला आसता, म्हनून सोडलं न्हाई.

त्यानं मागं हात टाकून माझा बुचडा पकडला आन मला डोक्यावरून भिरकावलं. मी पडले कोंबड्याच्या खुराड्यावर. येका कोंबडीनं वरडायला चोच उघडली, म्या तिची मान तितंच पिरगाळली. परीक्षा मंजी परीक्षा.

मंग तो माझ्या छातीवर बसला. बुक्क्या सुरू. म्या त्याचा कान दातात धरला आन कुत्र्यावानी झिंजाडला. रक्त माझ्या हनुवटीवरून वघळून राहिलं. त्याच झटापटीत दोन दात तुटले, नरसिंगचे. बत्त्याच्या येका घावात.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. करुणा मडमीला सांगून राहिली व्हती, कुनाचं? माझं! घरातल्या शांत मानसाबद्दल बोला म्हने, आन सरावात तसले शबूद तिनं मलाच लावले व्हते. पोरगी म्हनून राहिली, "काइंड... जंटल... सॉफ्ट-हार्टेड..."

नरसिंगनं टामी उचलली, दाराकडं निघाला. माझ्यात उठायची ताकद न्हाई. पाय फरफटत जाऊन म्या त्याचा घोटा धरला आन हळूच म्हनलं, "नरसिंग, येड्या, ती तुझंच सांगून राहिली."

थांबला. घशातून घोगरा आवाज, "तुझ्या शबदावर आता कोन इस्वास ठेवल गं म्हातारे? घमंडीला दिलदार सांगती?"

"माझ्यावर नको ठेवू. फोनला इचार. पर हळू. आवाज आत गेला तर तुझी तारीफ मडमीपुढं तुटंल."

त्यानं रक्ताळल्या बोटांनी फोन काढला. "जंटल" म्हनून कुजबुजला. फोनवर वाचलं, सौम्य. "सॉफ्ट-हार्टेड" म्हनला. कोमल मनाचा. फोन काय खोटं बोलतो व्हय? शबूद खरेच व्हते. मानूस तेवढा म्या बदलला.

टामी गळून पडली त्याच्या हातातून. भितीला टेकून बसला, फाटका कान धरून, आन खिडकीतून आलेला येक येक शबूद फोनला इचारू लागला. डोळ्यांतून पानी. ठेच्याचं का मनाचं, मला न्हाई ठावं.

"मडमीला सांगितलं तिनं हे माझं?" हळूच मला इचारलं.

"गप. अजून सांगून राहिली."

आत मडम बाई "थँक यू" म्हनली. नरसिंग उठला, मला हाताला धरून उठवलं, बाजेचा मोडका पाय नीट टेकवून ठेवला आन टेम्पो घेऊन गेला पेंटरकडं. त्या दिवसापासून मागं लिहिलंय, जंटल नरसिंग.

करुणानं दार उघडलं आन तितंच थिजली. अंगनात रक्त, पिसं, माझे केस सुटलेले.

"आजी! हे काय गं? मी तर मडमीला सांगितलं, माझी आजी मुंगीबी मारत न्हाई!"

"बरं केलंस," म्या म्हनलं. "तोंडानं अडखळली न्हाईस ना?"

"न्हाई."

"मंग खांद्याला हळद लाव आन ती कोंबडी साफ कर."

पास झाली. लई मार्कं पडली. पुढल्या महिन्यात इमानात बसती माझी पोरगी.

बरं. असं नका बघू माझ्याकडं. लेकाची आन घेतली, म्हनून येक सांगून टाकते. नरसिंगचे दात न्हाई तुटले. येकच तुटला, आन तो माझा. वरडले आसते तर परीक्षा गेली आसती, म्हनून दात बी गिळला आन वरडनं बी.