कोरड्या अंगठ्याची हजेरी

मी अंगठेबहाद्दर बोलतोय. दचकू नका, कुणाला हिणवत नाही. पूर्वी ज्याला सही करता येत नसे त्याला लोक या नावाने चिडवायचे. आता चार-चार पदव्या घेतलेली माणसं रोज सकाळी माझ्यापुढे अंगठा टेकतात, आणि मी 'हो' म्हटल्याशिवाय त्यांना दार उघडत नाही. म्हणून इथल्या कामगारांनी ते नाव मला बहाल केलं. कागदोपत्री मी हजेरीचं थंब मशीन आहे, पण कागदोपत्री नावाने घरात कोण हाक मारतं?

माझा जन्म एका थंडगार, स्वच्छ खोलीत झाला. तिथे पांढरे कोट घातलेले लोक दिवसभर माझ्या काचेवर बोटं ठेवून मला शिकवायचे. त्यांची बोटं लोण्यासारखी मऊ होती. त्यांनी आयुष्यात माउसपेक्षा जड काही उचललं नसावं. मला वाटलं, जगात सगळ्यांचीच बोटं अशी असणार. नवीन माणसाला जग किती सोपं वाटतं!

मग मला खोक्यात घालून एका मोठ्या लाँड्रीत आणलं. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, टेबलांवरची कापडं असं सगळं इथे धुतलं जातं. मला दाराशेजारी भिंतीवर बसवलं. माझ्या बाजूलाच एक लांब बाक होता. त्यावर बसून लोक डबे खात, म्हणून मला अंगठ्यांबरोबर त्यांची पोटंही कळू लागली. कोण डब्याचं झाकण पूर्ण उघडतं आणि कोण अर्धंच उघडून आत हात घालतं, हेसुद्धा.

इथेच मला वाफताई भेटल्या.

खरं नाव वेगळं असणार, पण इस्त्रीच्या खोलीत पंधरा-वीस वर्षं वाफेत उभ्या राहिल्यावर दुसरं नाव टिकेल कसं? बाई बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा म्हणावं. पण गरम वाफ, स्टार्च आणि साबणाने त्यांच्या हातांची कातडी सुकून गेली होती. अंगठ्यावरच्या रेषा झिजून बुजल्या होत्या, मधूनमधून भेगा होत्या. त्यांनी अंगठा ठेवला की माझा लाल दिवा लागायचा आणि माझ्यात ध्वनिमुद्रित केलेली बाई ठरलेल्या गोड आवाजात म्हणायची, "कृपया पुन्हा बोट ठेवा."

"अरे बाबा, किती वेळा ठेवू? झिजेल आता उरलासुरला!" वाफताई म्हणायच्या. मागची रांग हसायची. ज्या रेषाच दिसत नाहीत त्या मी वाचणार कशा?

सुरुवातीला रखवालदारभाऊ हाताने दार उघडून त्यांना आत सोडत. भाऊ म्हणजे गोल चेहऱ्याचा, सदा चकाकणाऱ्या कपाळाचा माणूस. कपाळावर पापड तळता येईल, असं लोक म्हणायचे. मग नवे मॅनेजरसाहेब आले. त्यांनी पहिल्याच सभेत जाहीर केलं, "मशीनमध्ये नोंद नाही, तर माणूस हजर नाही. मशीन खोटं बोलत नाही. हिवाळा संपता संपता सगळ्यांचे करार नव्याने होतील, आणि ज्यांची हजेरी कमी, त्यांचा करार होणार नाही."

वाफताईंचा चेहरा तेव्हा मी समोरून पाहिला. त्यांच्या यजमानांची पाठ कामातून गेली होती आणि मुलगा अजून शाळेत होता. घर त्यांच्या इस्त्रीवर चालत होतं, हे बाकावरच्या गप्पांतून मला ठाऊक होतं. रोज वेळेवर येणारी बाई माझ्या एका काचेमुळे गैरहजर ठरत होती. मला फार वाईट वाटायचं, पण वाईट वाटल्याने हिरवा दिवा लागत नाही.

मग सगळ्यांची डोकी चालू लागली. पहिला शोध भाऊंनी लावला. कोरड्या बोटाला जरा तेलकटपणा लागला की रेषा उमटतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते म्हणाले, "ताई, लाजू नका. हे कपाळ कशाला आहे? घासा!"

"भाऊ, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या कपाळात तेल नाही, त्याला मी काय करू?"

आणि वाफताईंनी खरंच भाऊंच्या कपाळावर अंगठा घासून माझ्यावर ठेवला. हिरवा! सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. पुढे आठवडाभर भाऊ असे ऐटीत वावरले की जणू लाँड्री त्यांच्या कपाळावर चालते. पण थंडी वाढली आणि त्यांचंही कपाळ आटलं. पुन्हा लाल.

मग सल्ल्यांचा पूर आला. हिशेबनीस बाईंनी एक गुलाबी पावडर आणली. पाण्यात ढवळून प्यायची, कातडी बाळासारखी होते म्हणे. त्या स्वतः कित्येक महिने पीत होत्या. त्यांचा अंगठा मी रोज पाहतो, बाळासारखं त्यात काही नव्हतं, पण मी कुणाच्या संसारात लुडबुड करत नाही. ड्रायव्हरने सांगितलं, रोज बादलीभर पाणी प्या. वाफताईंनी दोन दिवस प्यायलं आणि इस्त्री सोडून सारख्या बाहेर पळू लागल्या. चादरींचा ढीग छताला लागायची वेळ आली.

अखेर लाँड्रीत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. त्या बाकावरच बसल्या आणि एकेकाला तपासू लागल्या. वाफताईंचा हात त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"सकाळी काय खाता?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"बरोबर कुणी नसतं हो, एकटीच पिते. घाई असते."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "दुपारी?"

"पाव असतो, भाजी उरली असेल तर भाजी."

"अंडी?"

"पोराला लागतात."

"दूध?"

"ह्यांना लागतं. पाठीचं दुखणं आहे ना."

"आणि तुम्हाला काय लागतं?"

वाफताईंना हा प्रश्न बहुधा कुणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "मला कशाला काय लागतंय?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कातडीला बाहेरून मलम हवं, इस्त्री सोडून बाकी कामाला हातमोजे हवेत, पण आतूनही तिला खुराक हवा. अक्रोड, जवस, मासे, अंडी, गाजर, रताळं, जे परवडेल ते थोडं थोडं पण रोज. एकदम बादलीभर नको, पण दिवसभर घोट घोट पाणी. माशाच्या तेलाच्या गोळ्यांची एक बाटलीही दिली. "या गोळ्यांनी फरक पडला तर पडेल, खात्री देत नाही. गोळी म्हणजे जेवण नव्हे. आणि धीर धरा. कातडी नवी यायला महिना-दीड महिना तरी जातो."

आता धीर ही गोष्ट माणसांकडे किती असते, ते माझ्याइतकं कुणाला माहीत? काचेवर बोट ठेवून अर्धा सेकंद झाला की उसासे टाकतात! वाफताईंनी विचार केला. कोरडा आहे अंगठा, तेल आहे गोळीत, मग तेलाला पोटातून एवढा वळसा कशाला? दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळी दाताने फोडली, अंगठ्याला चोळली आणि माझ्यावर दाबली.

काय सांगू! माझ्या काचेवर असा थर बसला की पुढच्या कुणाचाच अंगठा मला दिसेना. मासळीचा वास दारभर पसरला. गल्लीतली मांजर उडी मारून बाकावर चढली, तिथून माझ्यापर्यंत आली आणि मला मनापासून चाटू लागली. रांग रस्त्यापर्यंत गेली. मॅनेजरसाहेब नाकाला रुमाल लावून ओरडत होते, "कुणी केलं हे?" मांजरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि चाटणं चालू ठेवलं. आयुष्यात माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं हे कळायला वेळ लागला नाही.

भाऊंनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि हळूच म्हणाले, "ताई, गोळी तोंडाने खायची असते. मशीनला नका भरवू."

त्या दिवशी वाफताई हसल्या नाहीत. बाकावर बसून त्यांनी डोळे पुसले. "भाऊ, निम्मा हिवाळा सरला. काम गेलं तर घरी काय सांगू? बोट कोरडं होतं म्हणून?" भाऊ माझी पुसलेली काच पुन्हा पुसू लागले. माझ्याकडे तर एकच वाक्य होतं, तेही दुसऱ्याच बाईच्या आवाजातलं.

ही गोष्ट घरी कुणी सांगितली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून वाफताईंच्या डब्यात उकडलेलं अंडं येऊ लागलं. त्यांचे यजमान पाठ सांभाळत सकाळी उठून स्वतः उकडायचे. पहिल्या दिवशी वाफताईंनी अंडं अर्धं करून अर्धं मुलासाठी परत नेलं. दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी होती: 'पोराने सांगितलंय, आख्खं खा.' त्या चिठ्ठीकडे बघत त्यांनी इतकं हळू खाल्लं की जेवणाची सुट्टी संपली. पुढे रताळं आलं, दोन-चार अक्रोड आले. भाजलेल्या जवसाची पूड एका जुन्या औषधाच्या डबीत यायची, ती त्या भाजीवर भुरभुरत. गोळीही निमूटपणे पाण्याबरोबर जाऊ लागली, आणि झोपताना हाताला मलम. आता यातल्या कशाने गुण आला ते मला विचारू नका. पावडर पिणाऱ्या हिशेबनीस बाईसुद्धा त्यांचे अक्रोड उचलू लागल्या, एवढं मात्र मी पाहिलं.

मला फरक आधी कळला. अंगठ्याची भेग भरली. मग एक रेष दिसली, मग तिच्या शेजारची. कधी हिरवा, कधी लाल, असं चाललं. पण मागचे गैरहजेरीचे दिवस काही पुसले जाईनात. साहेबांनी वाफताईंना बोलावून सांगितलं, "तुमचं काम चांगलं आहे, पण नियम म्हणजे नियम. सोमवारी कराराचं बघू."

या साहेबांची एक गंमत सांगायची राहिली. त्यांना कंपनीच्या वार्षिक फोटोत जुना कोट घालायचा होता, आणि कोटाचं बटण पोटाशी जुळत नव्हतं. म्हणून त्यांनी तेल, तूप, दाणे, अंड्यातलं पिवळं असं सगळं सोडलं होतं. उकडलेला कोबी आणि काकडी खायची, आणि बाकावरच्या डब्यांकडे बघून मान फिरवायची. बटण लागलं हो, पण चेहरा सुकलेल्या लिंबासारखा झाला. अंगठ्याचं तर विचारूच नका.

सोमवारी सकाळी जाता जाता थंडीने पुन्हा कडाका धरला होता. साहेबांनी माझ्यावर अंगठा ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. फुंकर घालून ठेवला. "कृपया पुन्हा बोट ठेवा." मागे सगळी लाँड्री उभी होती आणि कुणी हसत नव्हतं, म्हणजे सगळे आतून हसत होते.

"भाऊ, दार उघडा आणि माझी हजेरी लिहून घ्या," साहेब म्हणाले.

भाऊ अगदी नम्रपणे म्हणाले, "दार उघडतो साहेब. पण मशीनमध्ये नोंद नाही तर माणूस हजर नाही ना?"

"अरे, मी इथे उभा आहे, दिसत नाही का?"

"दिसताय की. ताईसुद्धा रोज दिसायच्या."

साहेबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. भाऊंनी कपाळ पुढे केलं, पण त्या थंडीत त्याचाही उपयोग नव्हता. तेव्हा मागून वाफताई आल्या. त्यांनी माझ्यावर अंगठा ठेवला आणि माझा हिरवा दिवा असा लागला की मलाच हायसं वाटलं. दार उघडलं. त्यांनी ते पाठीने अडवून धरलं आणि डब्यातून दोन अक्रोड काढून साहेबांपुढे धरले. "या साहेब, आत या. आणि हे खा. कोट काय, उसवून सैल करून देईन मी."

साहेबांनी अक्रोड घेतले. दारातच उभं राहून खाल्ले, दोन्ही. मग आत जाऊन त्यांनी नियम बदलला. ज्याचं बोट उमटणार नाही त्याने भाऊंसमोर सही करायची, मागचे गैरहजेरीचे दिवसही हजेरीत धरायचे. दुपारी वाफताई करारावर सही करून बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि पुन्हा डोळे पुसले. या वेळी मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता माझं काय? दारावर नवं यंत्र आलंय, ते चेहरे बघतं. येऊ दे, रोज सकाळचे चेहरे बघितले की तेही शहाणं होईल. मला काढून इस्त्रीच्या खोलीतल्या फळीवर ठेवलंय. वायर तुटलेली, अंगात वीज नाही. वाफताई अधूनमधून मला फडक्याने पुसतात, फार पुसायला नको असतं तरी.

माणसांनो, माझं एवढंच सांगणं आहे. घरात सगळ्यांना काय लागतं हे ज्या बाईला पाठ असतं, तिच्या ताटात काय आहे ते एकदा वाकून बघा. तिचे हात खरखरीत लागायची वाट बघू नका.

आणि एक निरोप आहे. काल वाफताईंनी मला पुसलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि गंमत म्हणून अंगठा माझ्या काचेवर ठेवला. दिवा लागला नाही. त्या हसून म्हणाल्या, "विसरलास ना?" आणि इस्त्रीकडे गेल्या. नाही हो विसरलो. पहिल्या झटक्यात ओळखलं. कुणीतरी त्यांना एवढं सांगाल का?