सगुणाबाईंच्या बागेत जन्मलो, कुलपात वाढलो

मी एक जुना शोधनिबंध आहे. निबंध म्हटले की तुम्हाला शाळेतली वही आठवेल, पण मी तसा नाही. कोणीतरी एखाद्या प्रश्नाशी काही वर्षे झगडतो, मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो आणि शेवटी हाती लागलेले नीट लिहून काढतो. ते लिहिलेले म्हणजे मी. मित्रांनो, माझ्या वाट्याला प्रेमापेक्षा भांडणेच जास्त आली. ती लपवून तुम्हाला गोड गोष्ट सांगणे मला जमणार नाही.

माझा जन्म जालना जिल्ह्यात परतूरजवळच्या एका मोसंबीच्या बागेत झाला. बाग सगुणाबाईंची. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने, भागवतने, टँकरचे पाणी घालून ती दुष्काळात जगवली होती. पुढे पाऊस बरा झाला, पण झाडांना रोग लागला. बुंध्यातून डिंक ओघळायचा, पाने पिवळी पडायची आणि बघता बघता झाड वाळून जायचे. आजूबाजूचे लोक अशी झाडे उपटून टाकत होते.

त्या दिवसांत शीतल तिथे आली. ती भोकरदनच्या शेतकऱ्याची मुलगी. कृषी महाविद्यालयात झाडांच्या रोगांवर पीएचडी करत होती. तुमच्या बागेत अभ्यास करू द्या, असे तिने विनवले. भागवतला ते मुळीच पसंत नव्हते.

"आधी बी दोघं आल्ते," तो म्हणाला. "माती नेली, पानं नेली, फोटो काढले. मंग त्यांचं तोंड न्हाई दिसलं."

सगुणाबाईंनी मात्र होकार दिला. अट एकच घातली, की जे काही सापडेल ते आम्हाला सांगायचे. शीतलने शब्द दिला.

मग ती उन्हातान्हात त्या बागेत राबली. कधी सगुणाबाईंच्या घरची भाकरी खायची, कधी बांधावर बसून डबा उघडायची. भागवत तिच्याशी कामापुरते बोलायचा. पण तिने सांगितलेल्या झाडांना वेगळे पाणी द्यायचे तेवढे काम त्याने कधी चुकवले नाही. हळूहळू शीतलच्या लक्षात आले, की त्या बागेतली वाळलेली दिसणारी बरीच झाडे मेलेली नव्हती. थंडीत बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना ऊन दाखवले, सडलेली साल खरवडून मोरचूद-चुन्याचे बोर्डोमलम लावले आणि पाण्याचे आळे खोडापासून दूर नेले, तर त्यांतली निम्म्याहून जास्त झाडे पुन्हा फुटत होती. उपटायची घाई केली नाही, तर बाग वाचत होती.

तो आनंद तिला सगुणाबाईंच्या ओसरीवर जाऊन सांगायचा होता. पण तिचे मार्गदर्शक, डॉ. राजानंद, यांनी तिला थांबवले. छापून येण्याआधी बातमी फुटली तर मोठे नियतकालिक निबंध घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शीतलने सगुणाबाईंना दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. सर म्हणाले, छापून आल्यावर साऱ्या जगाला कळेल, त्यात त्या बाईही आल्याच.

असा मी परदेशातल्या एका बड्या प्रकाशन कंपनीकडे गेलो. माझी तपासणी दोन विद्वानांनी केली आणि चांगली केली. त्यांना त्याचा एक रुपयाही मिळाला नाही. मला लिहिणाऱ्यांनाही मिळाला नाही. ज्यांच्या जमिनीत मी घडलो त्यांचे तर कोणी नावही विचारले नाही. मला वाटले, हे सगळे माझ्यासाठी फुकट राबले, म्हणजे मीही सगळ्यांना फुकट मिळेन.

पण कंपनीने दोन वाटा पुढे ठेवल्या. मला सर्वांसाठी खुले ठेवायचे असेल, तर लिहिणाऱ्यांनी फी भरायची. ती इतकी होती, की त्या पैशात सगुणाबाईंच्या अख्ख्या बागेला ठिबक बसले असते. फी भरायची नसेल, तर छपाई फुकट, पण मी कंपनीच्या कुलपात राहणार. वाचणाऱ्याने पैसे भरून कुलूप उघडायचे. सरांच्या खात्याला फी परवडण्यासारखी नव्हती आणि त्यांची बढती अशा छापील निबंधांवर अडली होती. त्यांनी दुसरी वाट निवडली. माझे हक्क कंपनीला देणाऱ्या कागदावर शीतलने सही केली. सगळेच करतात, असे तिला सांगण्यात आले होते.

मी छापून आलो तेव्हा महाविद्यालयात पेढे वाटले गेले. सरांनी सभेत माझे कौतुक केले. शीतलने त्याच आनंदात भागवतच्या मोबाइलवर माझा इंटरनेटवरचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिले, की काकूंना दाखवा, यात आपली बाग आहे. तिच्या संगणकावर मी लगेच उघडत होतो, कारण तिथले पैसे विद्यापीठ दरवर्षी भरत होते. बाहेर काय होते, हे तिला ठाऊकच नव्हते.

भागवतने बागेत उभे राहून पत्त्यावर बोट ठेवले. त्याला माझे नाव दिसले, चार ओळींचा सारांश दिसला आणि त्याखाली डॉलरमधली किंमत दिसली. मी त्या पडद्यामागेच होतो. त्याला हवे होते ते सगळे माझ्या पोटात होते. पण मला बोलता येईना.

त्याला वाटले, ही पोरगी आमच्याच झाडांची माहिती आम्हालाच विकते आहे. त्याने तिचा नंबर बंद करून टाकला. सगुणाबाई म्हणत राहिल्या, की एकदा तिला विचार तरी. त्याने विचारले नाही. काही महिन्यांनी बागेत जेसीबी आला.

फोन लागेना म्हणून शेवटी शीतल मला कागदावर छापून, पिशवीत घालून त्यांच्याकडे गेली, तेव्हा निम्मी बाग आडवी झाली होती. मुळे वर आलेली झाडे बांधाला ढिगाने पडली होती. तिने एका झाडाची साल नखाने खरवडली. आत हिरवे होते.

भागवत समोर आला आणि त्याने मोबाइलवरचे ते किमतीचे पान तिच्या डोळ्यांपुढे धरले.

"हे घ्यायला आली का?"

शीतल म्हणाली, की हे पैसे मी मागितलेले नाहीत, मला यातले काहीच मिळत नाही. तो म्हणाला, मंग कोणाला मिळतात? तिने मला पुढे केले. त्याने पाने उलटली, सगळे इंग्रजी बघितले आणि मला मातीत टाकले.

सगुणाबाई ओसरीवरून उठल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "झाडं माही, माती माही. मंग कुलूप कोणाचं, पोरी?"

त्या दिवशी शीतल मला तिथेच टाकून गेली. उचलून न्यायचे तिला धाडस झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सरांच्या खोलीत जाऊन सांगितले, की मी हे सगळे मराठीत नव्याने लिहून गावागावांत फुकट वाटणार आहे. सर भडकले. कंपनीची नोटीस आली तर कोण निस्तरणार, पुढचा निबंध कोण छापणार, असे त्यांनी खडसावले. तू सही केली आहेस, हेही ऐकवले.

"शब्द त्यांचे असतील, सर," शीतल म्हणाली. "झाडाला काय झालं, ते त्यांचं नाही."

सरांनी तिला पुढच्या प्रकल्पातून काढले. ती जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात नोकरीला लागली. कंपनीची नोटीस कधी आली नाही. सरांचा अबोला मात्र अजून संपलेला नाही.

मराठी पाने तयार झाल्यावर ती पुन्हा परतूरला गेली. भागवतने तिला फाटकाच्या आत येऊ दिले नाही. सगुणाबाई आल्या, हात पुढे करून पाने घेतली आणि परत गेल्या. त्या थंडीत उरलेल्या झाडांच्या बुंध्यांची माती उकरली गेली. पुढच्या वर्षी त्यांतल्या बऱ्याच झाडांना पालवी आली. शेजारच्या गावांतले लोक बघायला आले, तेव्हा मलम कसे कालवायचे आणि आळे कुठवर न्यायचे हे भागवतनेच त्यांना दाखवले.

शीतलने एकदा बाजारात त्याला गाठून बागेची चौकशी केली. तो म्हणाला, "उरलेली वाचली. गेलेली तुमची कंपनी देणार का?" आणि पिशवी उचलून निघून गेला.

मित्रांनो, माझी मराठी बहीण आज कितीतरी ओसऱ्यांवर आहे. तिच्या पानांना मातीची बोटे लागली आहेत, कडा फाटल्या आहेत, आणि मला तिचा हेवा वाटतो. मी अजून कुलपातच आहे. माझी किंमत मध्यंतरी आणखी वाढली. विद्यापीठाने ते नियतकालिक परवडेना म्हणून घेणेच बंद केले. आता शीतललाच काय, सरांनाही मी दिसत नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या काही शोधून काढेल. तेव्हा तुमच्यापुढेही असाच कागद येईल आणि सगळेच सही करतात, असे कोणीतरी सांगेल. सही करण्याआधी एवढे विचारा, की ज्यांच्या बांधावर मी बसून जेवलो, त्यांना हे वाचता येईल का? नाही, असे उत्तर आले, तर पेन खाली ठेवा.