क्लिफर्डची दहा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. पांढरा, गोल, हाताने पिळायचा. केक जळू नये म्हणून मला घडवलं. स्वयंपाकघरात माझं कौतुक होई. मग हिलरी बाईंनी मला इंग्लंडातल्या लँकशरमध्ये, त्या शिकवत त्या नर्सिंग कॉलेजात नेलं. तिथे माझ्या हातून जे झालं, त्याची मला आजही लाज वाटते.

त्या कॉलेजात मनाच्या आजाराची शुश्रूषा शिकवतात. दरवर्षी थंडी सुरू झाली की एक बरा झालेला रुग्ण आणि घरी रुग्णाला सांभाळणारं एक माणूस वर्गात येऊन आपापली हकिगत सांगतात. प्रत्येकाला दहा मिनिटं. कुणाला कमी-जास्त नको, म्हणून टेबलावर मी.

क्लिफर्ड हॉवर्थ तीन वर्षं आले. त्यांनी बायकोला, एनिडला, बावीस वर्षं सांभाळलं होतं. त्यांची हकिगत एका नाचापासून सुरू होई. "मी तिच्या पायावर पाय दिला. ती म्हणाली, आता लग्नच कर माझ्याशी. दुसरी कोण सहन करील तुला!" मुलं खळखळून हसत. त्यांचं हसू ओसरून पुढचं निघतंय तोच मी वाजे. टाळ्या, चहा, बिस्किटं.

चौथ्या वर्षी वर्ग भरायच्या आधी क्लिफर्ड म्हणाले, "बाई, आज मी फोनपासून सुरू करतो."

"कुठला फोन?"

"शेवटच्या रविवारचा. एनिड इस्पितळातून दोन दिवस घरी आली होती. हसत हसत शेजारणींना आपल्या वस्तू वाटत होती. मी वॉर्डात कळवलं, ही मला ठीक दिसत नाही. तिकडची नर्स म्हणाली, हसतेय ना, मग चांगलंच की! लिहूनसुद्धा घेतलं नाही. मंगळवारी एनिड गेली. स्वतःच जीव दिला तिने, बाई."

हिलरी बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "पोरं नवी आहेत हो, घाबरतील. नाच सांगा, सगळ्यांना आवडतो. फोनचं शेवटी घ्या."

"शेवटी हा बोंबलतो," क्लिफर्डनी माझ्याकडे बोट दाखवलं. पण भला माणूस. ऐकलं त्यांनी.

त्यांनी नाच घाईघाईने उरकला. तरी मुलं हसलीच, आणि हसू ओसरेपर्यंत त्यांना थांबावं लागलं. मग म्हणाले, "तर त्या रविवारी मी फोन..."

मी वाजलो. क्लिफर्डनी थांबा म्हणून हात वर केला. मुलांना वाटलं, निरोप घेतायत. टाळ्या आणखी वाढल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर लोइस नावाची एक मुलगी मागे राहिली. "आजोबा, फोन कुणाला केलात?"

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

"मग त्यांनी काय लिहायला हवं होतं?"

"मी म्हणालो तेच, पोरी. माझ्याच शब्दांत."

तिने वहीत लिहून घेतलं. क्लिफर्ड पुन्हा आले नाहीत.

त्या वर्गात बेचाळीस जण होते. कळलं एकीला. बाकीची एक्केचाळीस आज कुठल्या ना कुठल्या वॉर्डात फोन उचलत असतील.

मित्रांनो, घरच्या आजारी माणसाविषयी कुणी सांगायला आलं, तर कुठून सुरू करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. आणि त्याचं सांगून होईपर्यंत बसा.