बोडिलच्या पंचविशीचं गाणं

"तुला यमक छान जुळवता येतं गं," असं म्हणत बोडिलने मंगळवारी सिसेलच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर नवऱ्याचं नाव प्रेबेन, त्याचं गळ टाकून बसायचं वेड, बोर्नहोल्म बेटावरच्या सहलीत उडून गेलेला तंबू आणि शेवटी सूचना: सात कडवी, सगळ्यांना येईल अशी चाल.

बोडिलच्या लग्नाला शनिवारी पंचवीस वर्षं होत होती. तिथल्या रीतीप्रमाणे अशा वेळी पाहुणे चोरून गाणं रचतात, प्रत्येक ताटापाशी त्याचा कागद ठेवतात आणि सगळे मिळून गातात. नवराबायकोला त्यातलं अक्षरही ठाऊक नसतं. इथे नवरीच गाणं मागत होती, तेही हाताखालच्या बाईकडे.

सिसेलची नोकरी महिनाअखेर संपत होती. तिला कायम करायचं की नाही, ते बोडिलच्या हातात होतं. होर्सेन्सच्या त्या खिडक्यांच्या कारखान्यात साहेबालाही तूच म्हणायचं, केकही एकाच ताटलीतला खायचा. मग विनंती कुठली नि हुकूम कुठला, हे माणसाने ओळखायचं तरी कसं? सिसेलला त्या आपलेपणाचीच चीड यायला लागली होती.

तिचं कामात लक्ष लागेना. ओडेन्सेचा माल तिने ऑर्हूसच्या गाडीत लावला. त्यात बोडिल जाता-येता डोकवायची.

"चौथं कडवं जरा हळवं कर हं. आणि माझ्या स्वयंपाकाची थट्टा चालेल, सासूबाईंची नको."

गुरुवारी सिसेल तडक तिच्या खोलीत गेली. "बोडिल, मी हे गाणं करणार नाही. माझी नोकरी तुझ्या हातात असताना तू मागितलंस, तर मी नाही कशी म्हणू?"

"आत्ता म्हणालीसच की." बोडिलने खणातून एक पाकीट काढून दिलं. "सोमवारीच सही केलीये. द्यायचं राहून गेलं."

नोकरी पक्की झाली होती. सिसेलला हायसं वाटलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

"पण मग तुझ्या घरचं कुणी..."

"कुणी रचत असतं तर मला सुगावा लागला असता गं. मी आले की कुजबुज थांबली असती, फोन ठेवले असते. तसलं काही नाही. लेक म्हणतो, आई, हल्ली कोण गातं?" बोडिल हसली. "तुझं गाणं मी मुलांच्या नावावर खपवणार होते."

आता भीती उरली नव्हती, म्हणून नकार उलट जास्तच जड झाला होता. सिसेलने तरीही मान हलवली. "खोटं नाही गं रचवत मला."

"बरं." बोडिलने कागद परत घेतला. "निदान जेवायला ये शनिवारी. मटण संपलं की सगळे ताटापाशी कागद शोधतील. तेव्हा कुणीतरी माझ्याशी बोलत राहायला हवं."

सिसेल हो म्हणाली.